मनोऱ्यातल्या माणसांची आठवण जपा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जळगाव विमानतळाच्या बातम्यांत फेऱ्या, तिकिटाचे दर, धावपट्टीची लांबी सगळे येते. विमानाला उतरायची परवानगी देणाऱ्या माणसाविषयी, त्याच्या मनोऱ्याविषयी एक ओळ नसते. गाड्यांना सिग्नल देणाऱ्या रेल्वेच्या केबिनमध्ये उभा जन्म गेलेल्या मला हे खटकते, कारण ते काम आमच्याच कुळातले.

१९२९ साली अमेरिकेत सेंट लुईसला आर्ची लीग हा गृहस्थ एकचाकी ढकलगाडीत छत्री, खुर्ची, जेवण आणि वही घालून धावपट्टीच्या कडेला जाऊन बसे. हातात दोन झेंडे. लाल दाखवला की थांबा, चौकटीचा दाखवला की निघा. म्हणजे आमचा गार्डच की! त्याआधी १९२० मध्ये लंडनजवळ क्रॉयडनला पहिला मनोरा झाला होता, उंची जेमतेम १५ फूट आणि चारही भिंतींना मोठ्या खिडक्या. मुंबईत १ जानेवारी २०१४ पासून कामाला लागलेला मनोरा सुमारे ८४ मीटरचा आहे. आता तर लंडन सिटी विमानतळावर २०२१ पासून मनोऱ्यात माणूसच नाही. ५० मीटरच्या खांबावर कॅमेरे आहेत आणि नियंत्रक शंभराहून अधिक किलोमीटरवर पडद्यासमोर बसतात. तरी रेडिओ बंद पडला तर वैमानिकाला दिव्याचीच खूण करतात: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, लुकलुकता लाल म्हणजे उतरू नका.

मी उमेदवारी केली त्या केबिनमध्ये सिग्नल पाडायच्या लिव्हरच्या, म्हणजे लोखंडी दांड्यांच्या, मुठी घामाने गंजू नयेत म्हणून फडके धरून ओढायच्या. केबिन गेली, ते लिव्हरही गेले. त्यातला एखादा तरी ठेवून घ्यावा हे आम्हा कुणालाच तेव्हा सुचले नाही. आज नातवाला दाखवायला माझ्याकडे एक फोटोसुद्धा नाही.

जळगावचे तसे होऊ नये. १९७३ ची धावपट्टी ते २३ डिसेंबर २०१७ ला सुरू झालेली मुंबईची विमानसेवा, एवढ्या वर्षांत तिथे राबलेली माणसे आपल्या आसपासच असतील. त्यांच्याकडचे फोटो, जुन्या वह्या, आठवणी आपल्या दैनिकाने आवाहन करून मागवाव्यात आणि दर रविवारी थोड्या थोड्या छापाव्यात. पत्ते शोधायला, घरोघरी जाऊन लिहून घ्यायला मी तयार आहे.

– एक निवृत्त केबिनमन, भुसावळ