जानेवारीतला पाऊस

काका, सा. न. वि. वि.

माझ्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव नको असं तुम्ही बजावलं होतंत. "मुद्रितशोधकाचं नाव छापलं की पहिली चूक त्याच पानावर निघते," म्हणालात. नाव घातलं नाही. पण पत्र लिहू नकोस असं काही म्हणाला नव्हतात, म्हणून हे चारचौघांत लिहिलेलं पत्र. नाव इथेही नाहीच. ओळखणारे ओळखतील. खिशात लाल पेन आणि शिसपेन्सिल अशी जोडी लावून भाजी आणायला जाणारी माणसं डोंबिवलीत आता कितीशी उरली असणार!

मी तुमच्याकडे आले ती ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यायला. २१२ पानांचं बाड, गिरणगावातल्या लहानपणाच्या आठवणी, पानामागे ठरलेला दर, संपला व्यवहार. तीन आठवड्यांनी बाड परत आलं. लाल शाईच्या दुरुस्त्या होत्या, त्या असणारच होत्या. 'आणि'चा णि मी जन्मभर चुकवत आलेय हेही कळलं. पण समासात शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, भलतंच काही होतं. प्रश्न. रात्री जेवणं झाल्यावर मोजले. ११४ भरले. त्यांचे पैसे तुम्ही लावले नव्हतेत.

खरं सांगते, त्या रात्री मला तुमचा राग आला होता. 'आम्ही फार गरिबीत दिवस काढले' या माझ्या वाक्याशेजारी तुम्ही एकच शब्द लिहिला होता : 'किती?' म्हटलं, गरिबी काय मापानं मोजायची असते? मग हट्टानं मोजायला बसले. खोली दहा बाय बारा. आम्ही पाच जण, शिवाय गावचे दोघे, जेवून-खाऊन महिन्याचे पैसे देणारे. ते दोघे वेगवेगळ्या पाळ्यांना, त्यामुळे त्यांना वळकटी एकच पुरायची. एक उठला की दुसरा तीवर आडवा व्हायचा. मी आणि भाऊ पलंगाखाली झोपायचो. पलंगाखालून दिसणाऱ्या पावलांवरून कोण आलं ते ओळखायचो. हे सगळं मला ठाऊक होतं, काका, आणि २१२ पानांत त्यातलं एक अक्षर नव्हतं. होतं काय, तर 'हलाखी', 'दारिद्र्याचे चटके' आणि दोन ठिकाणी 'डोळ्यांच्या कडा पाणावल्या'. त्या कडांखाली तुम्ही लिहिलं होतंत, 'कोणाच्या? आत्ता की तेव्हा?'

हा 'आत्ता की तेव्हा' बाडात नऊ वेळा आला होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडी मी बावन्न वर्षांच्या बाईची अक्कल घालत होते. तुम्ही मला 'बलुतं' हे आत्मकथन पुन्हा वाचायला सांगितलंत, आणि या खेपेला गोष्टीसाठी नाही, बांधणीसाठी. दया पवारांनी १९७८ साली ते केलंय ते पाहा, म्हणालात. दगडू बोलतोय आणि दया पवार ऐकतोय. एकाच माणसाचे दोन केलेत, म्हणून दगडूला दगडूसारखं बोलता येतं. मी काही तसा घाट घातला नाही, तेवढी माझी ताकद नाही. पण माझ्या पुस्तकात आता पोरीला जेवढं दिसलं तेवढंच तिच्या वाट्याला आहे. बाईला जे पुढे कळलं ते तिनं तिच्या पानांवर सांगायचं.

संवादांचंही तसंच. आईवडिलांचं पानभर भांडण मी अवतरणचिन्हांसकट लिहिलं होतं. समासात प्रश्न : 'टेप लावला होता?' हसू आलं आणि लाजही वाटली. जी वाक्यं आजही कानात जशीच्या तशी आहेत तेवढीच अवतरणात ठेवायची, बाकीचं सांगितल्यासारखं सांगायचं, असं ठरवलं. पानभर भांडणातून उरली दोन वाक्यं. ती दोनच आता जास्त लागतात, असं धाकटी जाऊ म्हणाली. ती सहसा माझ्या लिहिण्याला चांगलं म्हणत नाही.

पण हे पत्र लिहितेय ते पान ८७वरच्या प्रश्नासाठी.

मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तो दिवस, १८ जानेवारी १९८२, मी लिहिला होता. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यांत चांगला प्रसंग. भोंगा वाजला नाही. वडील, म्हणजे आमचे दादा, साचेखात्यात होते, कापड विणायच्या यंत्रांवर. साच्यांच्या आवाजात जन्म गेल्यामुळे घरीही मोठ्यानं बोलायचे. ते दुपारी दारात उभे, नखशिखांत भिजलेले, हातातला डबा तसाच भरलेला, तोंडातून शब्द नाही. आम्ही पोरांनी तो डबा उघडला तर भाकरी अजून कोमट होती. वाचून मीच रडले होते. आणि तुम्ही शेजारी लिहिलंत, 'जानेवारीत पाऊस?'

मी फोनवर वाद घातला होता, आठवतं? मी म्हटलं, मी पाहिलंय. तुम्ही म्हणालात, "पाहिलं असशील. कधी पाहिलंस ते विचारतोय." आणि मला नायगावला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात पाठवलंत. तीन शनिवार बसले. जुन्या वर्तमानपत्रांची पानं कडेला तपकिरी होऊन चुरतात, उलटताना श्वास धरावा लागतो. अडीच लाख कामगार बाहेर, गिरण्या ठप्प, डॉक्टरांच्या सभा. डॉक्टर म्हणजे संपाचे पुढारी दत्ता सामंत. आमच्याकडे नाव कुणी घ्यायचं नाही, नुसतं डॉक्टर. तो सोमवार होता हे कळलं. पावसाचा कुठे उल्लेख नाही. आणि साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही देव जाणे : संपाच्या पहिल्या दिवशी दादा डबा कशाला नेतील? संप आहे हे तर चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मग आईला विचारलं. तुम्ही सांगितलं होतंत तसं, तारीख न विचारता. बायकांचं पंचांग वेगळं असतं, सण विचार, आजारपण विचार, कोण पोटाशी होतं ते विचार, म्हणालात. मी विचारलं, दादा डबा घेऊन परत आले तेव्हा घरात काय चाललं होतं? आई भाजी निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"अवसंच्या दुसऱ्या दिशी त्ये," म्हणाली. "दिव्याची अवस. दिवं घासाया काढलं तर समई कुठाय? ती तर जेष्ठातच मोडीत घातलेली. मी इसरलेच हुते. ह्येंनी बघितलं माझ्याकडं. दुसऱ्या दिशी सकाळी म्हनले, डबा दे."

पुढचं तिनं भाजी धुता धुता सांगितलं. दादा पाऊस डोक्यावर घेत गिरणीवर गेले. संप मोडायला. कामावर हजर व्हायला. आणि दुपारी परत आले. "कुनाला सांगू नगंस म्हनले. म्या न्हाई सांगितलं."

१९८२ सालची दिव्याची अवस २० जुलैला होती, पंचांगात पाहिलं. संपाला सहा महिने झाले होते. आमच्या घरात चाळीस वर्षं सांगत आलेली गोष्ट अशी की दादा शेवटपर्यंत हलले नाहीत. चाळीतले कोण कोण गेले, दादा गेले नाहीत. तो संप तर कुणी रीतसर मागेही घेतला नाही. दादांसारख्या माणसांच्या लेखी तो तसाच चालू राहिला. हे मी अभिमानानं लिहिलं होतं, पाच ठिकाणी. आणि भिजलेले दादा माझ्या डोळ्यांपुढे होते ते जुलैतल्या त्या दिवसाचे. दोन दिवस माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटले होते, आणि त्यांतला एक मला कुणी सांगितलेलाच नव्हता.

आता लेखिकाबाईंचा पुढचा प्रताप. आठवडाभरात मी गिरणीच्या गेटाचा प्रसंग लिहून काढला. घोषणा, पोलिसांच्या काठ्या, गर्दीतून एकटक बघणारा साचेखात्यातला सोबती, दादांची खाली गेलेली मान. तीन पानं. तुम्हाला पाठवली. तुम्ही लाल शाई वापरलीच नाहीत. पहिल्या पानाच्या डोक्यावर शिसपेन्सिलीनं : 'तू होतीस?'

ती तीन पानं मी फाडली नाहीत, कपाटात आहेत, चांगली जमलीत हो. पण पुस्तकात त्यांच्या जागी एक ओळ आहे : गेटावर काय झालं ते दादांनी कुणालाच सांगितलं नाही. गेटापर्यंत पोचले की अलीकडूनच फिरले, हेसुद्धा आईला माहीत नाही. भाकरी कोमट होती म्हणजे फार वेळ गेला नसावा, एवढाच माझा पुरावा.

ते छापावं का, यावर भावाचं आणि माझं दोन महिने बोलणं बंद होतं. "मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करतेस?" तो म्हणाला. मी तुमच्याकडे न्याय मागायला आले तर तुम्ही हात झटकलेत. शुद्धलेखनाचं विचार, म्हणालात, घरचं घरात बघा. त्या वेळी वाईट वाटलं. आता वाटतं, बरं केलंत. मी भावाला नुसतं ते प्रकरण नाही, सगळं बाड वाचायला दिलं. त्यानं वाचलं आणि एकच गोष्ट काढायला लावली, ती त्याची स्वतःची होती. काढली. दादांबद्दल तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, समई पितळेची होती, तू तांब्याची लिहिलीयस.

पोरीच्या डोळ्यांनी पाहिलेला पाऊस आता जुलैच्या प्रकरणात आहे. तिथे ती खूश आहे, कारण त्या दिवशी दुपारी दोनदा जेवायला मिळालं. अवसेचं, समईचं, गेटाचं पुढे चाळीस पानांनी येतं, आईच्या तोंडून, भाजीसकट. १८ जानेवारीचं प्रकरण कोरडं झालंय. त्यात फक्त भोंगा वाजला नाही, आणि तरी चाळीतली सगळी माणसं भोंग्याच्या वेळेला जागी झाली, एवढंच आहे.

तुमचं सगळंच ऐकलं असं नाही. साचा नको, यंत्रमाग लिहा, असं तुम्ही म्हणालात. मी 'साचा'च ठेवला. आमच्या घरात यंत्रमाग कधी कुणी चालवला नाही. आईची बोली तुम्ही पहिल्या हाताला सरळ करून टाकली होतीत, 'गेलं हुतं'चं 'गेले होते'. मी कुरकुरले. दुसऱ्या मुद्रितात तुम्ही त्या प्रत्येक शब्दाखाली टिंबं देऊन समासात 'असू द्या' लिहिलंत. खानावळवाल्या मावशींचं प्रकरण काढा, लांबलंय, असंही म्हणाला होतात. नाही काढलं. तिथे तुमचं चुकलं असं मला अजून वाटतं.

पुस्तकाची प्रत या पत्रासोबत भावाच्या हाती पाठवतेय. एक मात्र तुमच्या कानावर घालायचं आहे. परवा भावानं ते प्रकरण आईला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होती. डबा उघडतो तिथे आली तशी डोळे उघडून म्हणाली, "भाकरी कुठली? चपात्या दिल्या हुत्या मी. कामावर चालला व्हता मानूस."

पान १२७, खालून चौथी ओळ. शिसपेन्सिल घेऊन बसाल तेव्हा तिथे एक खूण करून ठेवा.

तुमची,
२१२ पानांची बाई