गणेशखिंडीची वारसा वाट लोकांनी आखावी

महोदय,

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत पाहायला येणारे बहुतेक जण तिच्यासमोर छायाचित्र काढून परततात. गणेशखिंडीतील ही इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचे एकेकाळचे पावसाळी निवासस्थान, ‘गव्हर्न्मेंट हाउस’. बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६४ मध्ये सुरू झालेले तिचे बांधकाम १८७१ मध्ये पूर्ण झाले आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर हा सारा परिसर विद्यापीठाचा झाला. सुमारे ४११ एकरांच्या या आवारातून, विद्यापीठाने पुढाकार घेऊन आणि आसपासच्या रहिवाशांना बरोबर घेऊन, पायी फिरण्याजोगी कायमची वारसा वाट तयार करावी, अशी माझी सूचना आहे.

या वाटेवर केवळ साहेबाच्या वैभवाचे कौतुक नसावे. इमारत उभी राहण्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, बापू गोखले यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांच्या फौजेने खडकीच्या इंग्रज सैन्यावर चाल केली ती याच खिंडीच्या परिसरातून. आणि २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त गव्हर्न्मेंट हाउसमध्ये झालेल्या समारंभाहून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली ती याच बंगल्याकडून शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आज त्या रस्त्यावरून रोज हजारो वाहने जातात, पण त्यांतल्या किती जणांना रँड आदल्या घटकेपर्यंत कुठे होता हे ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे. हा धागा आवारात उभे राहूनच समजतो.

झाडांची गोष्ट तर स्वतंत्रच आहे. आवारातील जुने वड आणि गोरखचिंचेची अवाढव्य खोडे यांची ओळख करून देण्यासाठी वनस्पतिशास्त्र विभाग घरातच आहे, तसा लढाईची बाजू उलगडण्यासाठी संरक्षणशास्त्र विभागही. विद्यापीठालगतच्या गणेशखिंड उद्यानाला राज्य शासनाने २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले आहे. तेथील प्रशासनाशी बोलून वाट तिथपर्यंत नेता आली, तर उत्तमच.

मात्र फलकांवरील मजकूर केवळ तज्ज्ञांनी लिहू नये. बंगल्याची बाग ज्यांनी राखली, स्वयंपाकघर आणि पागा ज्यांनी सांभाळल्या, त्यांचा उल्लेख गव्हर्नरांच्या नामावळीत सापडत नाही. विद्यापीठाच्या वसाहतीत वाढलेली माणसे, निवृत्त माळी आणि पहारेकरी, औंध-खडकीतील जुनी कुटुंबे यांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित कराव्यात, कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात आणि मगच फलक लिहावेत. मजकूर आधी मराठीत असावा. वाटाड्याचे काम प्रशिक्षित विद्यार्थ्यांनी मानधनावर करावे. परीक्षेच्या काळात आणि वर्गांच्या वेळेत फेऱ्या बंद ठेवल्या, तर अध्यापनात व्यत्यय येण्याचे कारण नाही. नवे बांधकाम, सिमेंटचे पदपथ आणि रंगीत दिवे मात्र कटाक्षाने टाळावेत, कारण असलेल्या पायवाटा पुरेशा आहेत.

पहिला टप्पा म्हणून मुख्य इमारतीपासून गोरखचिंचेपर्यंतची छोटी फेरी येत्या हिवाळ्यात सुरू करून पाहता येईल.

– एक वाचक, औंध, पुणे