वेळ लिहून घेणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

हे पत्र सरळ हातात द्यायचं सोडून असं चारचौघांत कशाला लिहितेस, असं तुम्ही विचारणारच. हातात दिलं असतं तर तुम्ही न वाचता चार घड्या घालून युनिफॉर्मच्या खिशात टाकलं असतं आणि तुमच्या कोकणीत म्हणाला असता, "बरें जालें. आतां वच, अभ्यास कर." म्हणून.

तुमचं नाव घालत नाही, माझंही नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. तक्रार कोणाची, कोणावर, साक्षीदार कोण, चौकशीत काय निघालं, यातलं काही बाहेर सांगायचं नाही. न्याय मिळाला, एवढं मात्र नाव-गाव न सांगता म्हणता येतं. त्यामुळे त्या संध्याकाळी नेमकं काय घडलं तेही इथे येणार नाही. मला ते पुन्हा लिहायचंही नाही. एकदा लिहिलंय, तुमच्यासमोर. तेवढं पुरे.

पण त्याच्या आधीचं सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही.

वॉर्डापासून हॉस्टेलपर्यंतचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. आवारातलाच, पण मधला दिव्याचा खांब गणपतीच्या चवथीपासून बंद होता. इव्हिनिंग ड्युटी संपून आम्ही नर्सिंगच्या मुली निघतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. कोणीतरी मागे मागे येतं, हे मी पहिल्यांदा वॉर्डनना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ग्रुपने जावा." पोस्टिंग लावताना आम्हाला एकेकीला वेगवेगळ्या वॉर्डात टाकतात, कोणी सव्वाआठला सुटते, कोणी पावणेनऊला. ग्रुप आणायचा कुठून? दुसऱ्यांदा मी आमच्या ट्यूटर मॅडमकडे गेले. त्यांनी मला 'बेटा' म्हटलं, खुर्ची दिली, पाणीसुद्धा दिलं. आणि मग म्हणाल्या, "लिहून वगैरे देऊ नकोस हं. एकदा कागद झाला की कागदाला पाय फुटतात. तुझंच नाव होईल." वर असंही, की तो कायदा नोकरी करणाऱ्या बायकांचा, तुम्ही स्टुडंट, तुम्हाला लागू नाही.

तेव्हा मला ते खरं वाटलं. नंतर मी कायदा मुळातून वाचला. त्यात तक्रार करणारी स्त्री कोणत्याही वयाची, नोकरीत असो वा नसो, असं लिहिलंय. आणि कामाची जागा म्हणजे काय, त्या यादीत हॉस्पिटल आहे, नर्सिंग होम आहे, शिक्षणसंस्थाही आहे. आमच्यासारखीला तिन्हीकडून लागू! मॅडमनी तो वाचला नसेल असं मला वाटत नाही. त्या आम्हाला प्रोफेशनल एथिक्स शिकवतात.

त्याच मॅडम पहिल्या सेमिस्टरला फळ्यावर काय लिहायच्या, माहीत आहे? 'जे लिहिलं नाही, ते केलं नाही.' ताप बघितला, चार्टवर नाही, म्हणजे बघितलाच नाही. इंजेक्शन दिलं, सही नाही, म्हणजे दिलंच नाही. चार वर्षं हे आमच्या डोक्यात ठोकून बसवतात. पेशंटचं सगळं लिहा, स्वतःचं तेवढं लिहू नका.

आणि त्या रात्री मी परत पळत वॉर्डात आले तेव्हा तुम्ही नेमकं तेच केलंत जे त्या शिकवतात आणि स्वतः करत नाहीत.

तुमचा हँडओव्हर चालू होता. नाइटच्या सिस्टरला तुम्ही म्हणालात, "मात्शें राव." मला नर्सिंग स्टेशनमागच्या स्टुलावर बसवलंत. मला वाटलं आता जवळ घ्याल, रडू नको म्हणाल. तुम्ही तसलं काही केलं नाही. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ सुलटं करून पाहिलंत, ताप-नाडी-श्वास लिहायचा कोरा टीपीआर चार्ट काढलात, पालथा केलात आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलंत: रात्री 8.20. मग विचारलंत, "भायर कितल्याक सरलें?" किती वाजता बाहेर पडलीस.

सिस्टर, ती वेळ. मला तुमचे आभार मानायचेत ते खरं तर या एका गोष्टीसाठी. बाकी सगळं त्याच्या पाठोपाठ आलं.

त्याआधी, कोणी मागे येतं ही हकिगत मी दोन माणसांना सांगितली होती. दोघींनी ऐकून झाल्यावर माझ्याचबद्दल विचारलं होतं. घातलं काय होतंस, कानात इअरफोन होते का, घरी सांगितलंस का. तुम्ही पहिल्या, ज्यांनी वेळ विचारली. वेळ लिहिली म्हणजे घडलं. माझे हात कापत होते ते त्या क्षणी थांबले, असं लिहिलं तर खोटं होईल, बराच वेळ कापत होते. पण पोटात जी एक शंका होती, की मीच तर काही वाढवून सांगत नाही ना, ती 8.20 पाहून गेली.

पुढचे प्रश्न तुम्ही दुखणं विचारावं तसे विचारलेत. कुठे. किती वेळ. आधी कधी झालं होतं का. मी म्हटलं, "तो प्यालेला होता." तुम्ही पेन थांबवलंत. "वास आयलो?" मी म्हटलं, नाही, तसा नाही, पण मला वाटलं. ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्या वेळी मला किंचित रागच आला होता तुमचा. मग सगळं वाचून दाखवलंत, माझ्याच शब्दांत, मी मध्येच कोकणीत बोलले होते ते कोकणीतच ठेवलेलं. "अशेंच म्हळें मगे तुवें?" मी मान हलवली. सही घेतलीत. खाली तुमची सही, आणि तिच्यापुढे पुन्हा वेळ: 8.45.

ते 'वाटलं' का गाळलंत, हे मला नंतर कळलं. 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याविषयी सबंध देशाला सूचना दिल्या. संस्थांनी अशा तक्रारींसाठी समित्या नेमल्यात की नाही ते तपासा, सदस्यांची नावं आणि संपर्क सगळ्यांना दिसतील असे ठेवा, वगैरे. ते प्रकरण कुठलं होतं? आपल्याच गोवा विद्यापीठातलं. आणि त्यात कोर्टाने समितीची चौकशी मोडीत काढली होती. कारण ती घाईघाईत उरकली, ज्याच्यावर आरोप होते त्याला बाजू मांडायची पुरती संधी दिली नाही. चौकशी पुन्हा समितीकडे. तक्रारी केलेल्या मुलींना पुन्हा त्यातून जायचं. हे वाचलं तेव्हा मला तुमचं थांबलेलं पेन आठवलं. तुम्ही माझ्या बाजूने होतात, म्हणूनच माझी एकही ओळ लुळी ठेवली नाहीत.

कायद्यात असंही आहे की जिला तक्रार लिहून देता येत नाही तिला समितीच्या लोकांनी लिहायला मदत करायची. तुम्ही समितीत नव्हतात. समितीत कोण होतं हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं! फलक होता, स्टाफरूमच्या दारामागे, दार उघडं असलं की दिसायचा नाही. सदस्यांची मुदत 3 वर्षांची आणि आमचा फलक 2017 चा. अध्यक्ष मॅडम केव्हाच रिटायर झालेल्या. बाहेरच्या सदस्यांचा मोबाईल नंबर दिलेला, नऊ आकडी. मी दोनदा मोजला.

2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा आमच्याकडे मेणबत्त्या लागल्या, पोस्टर स्पर्धा झाली. 'सुरक्षित परिचारिका, सुरक्षित रुग्ण' या पोस्टरला पहिलं बक्षीस. ते पोस्टर अजून आहे जिन्यात. तिथेच खाली तक्रारपेटी आहे, तिच्या कुलपाची किल्ली कोणाकडे ते शिपायालाही माहीत नाही.

असो. तुमच्याबद्दल लिहायला बसले आणि पुन्हा त्यांच्यावरच घसरले.

त्या रात्री टॉर्च घेऊन तुम्ही माझ्याबरोबर हॉस्टेलपर्यंत चालत आलात. बंद खांबापाशी आल्यावर मला वाटलं तुम्ही आता काही धीराचं बोलाल. तुम्ही विचारलंत, आज जेवायला काय आहे मेसमध्ये. मग थोडं चालून, आपल्याशीच बोलल्यासारखं, "आमकांय तेंच सांगिल्लें. एकट्यो वचूं नाकात." तुमच्या शिकण्याच्या दिवसांत तुमच्या मॅट्रन मुंबईच्या अरुणा शानभागची गोष्ट सांगायच्या. केईएममधली नर्स, 27 नोव्हेंबर 1973, ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेली होती. तिथे तिच्यावर अत्याचार झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. त्यानंतर जवळजवळ 42 वर्षं, 2015 च्या मे महिन्यात ती जाईपर्यंत, त्याच हॉस्पिटलातल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. तिचं नाव मी ऐकलं होतं. पण तिला आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या नर्सेसच्या किती बॅचेस आल्या नि रिटायर झाल्या असतील, हा हिशोब मी त्या रस्त्यावर पहिल्यांदा केला.

गेटपाशी तुम्ही टॉर्च माझ्या हातात कोंबलीत आणि काळोखातून परत गेलात. आठनंतर आपल्याकडे बस कशी मिळते ते कुठल्याही गोंयकाराला सांगायला नको. तुम्हाला त्या रात्री बस मिळाली नाही, पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करून घरी गेलात, हे मला वॉर्डातल्या आयाबाईंकडून कळलं. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुमचा ऑफ. तरी साडेदहाला तुम्ही कॉलेजच्या ऑफिसात हजर, साडीत, हातात बाजाराची पिशवी. तक्रार द्यायची तर पोच हवी, शिक्का आणि इन्वर्ड नंबरसकट, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. क्लार्क म्हणाला, "सर येतकच पळोवया." सर कधी येणार, तर त्याला माहीत नाही. तुम्ही बाकावर बसलात, पिशवी पायाशी ठेवलीत आणि शांतपणे म्हणालात, "हांव बसतां. बांगडे आसात पिशवेंत. वास सुटलो जाल्यार म्हाका सांगूं नाकात."

सिस्टर, शिक्का दहा मिनिटांत बसला! इतक्या दिवसांनी मी हसले ते तिथे, ऑफिसच्या दाराबाहेर तोंडावर ओढणी धरून.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही, जे आहे ते सांगायचं नाही. नवी समिती बसली. चौकशी 90 दिवसांच्या आत संपली. मला न्याय मिळाला, एवढं म्हणते. विद्यार्थ्यांच्या बाकीच्या तक्रारींसाठी यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे वेगळी समिती असायची असते, तिने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर वर लोकपाल. तीही आता कागदावरून खोलीत आलीय. फलक दारामागून जिन्यात आला, पोस्टरच्या शेजारी. मोबाईल नंबर दहा आकडी आहे. मी लावून बघितला, उचलतात.

दिवा लागला. जूनच्या पहिल्या पावसात पुन्हा गेला. मी अर्ज दिला, पोच घेतली, तिसऱ्या दिवशी लागला. क्लार्क मला बघितल्यावर हल्ली आधी शिक्क्याचं पॅड उघडतो.

ट्यूटर मॅडम परवा नव्या बॅचच्या ओरिएंटेशनला म्हणाल्या, "आमच्या कॉलेजात मुलींना बोलायला मोकळीक आहे." मी मागच्या रांगेत होते. खाली बघत राहिले. त्या वाईट नाहीत, हेही खरं आहे. माझ्या आजारपणात त्यांनी घरून पेज पाठवली होती. पण गोड बोलणं आणि भलं वागणं यांत मी आजवर गल्लत करत आले, ती तुम्ही मोडलीत. तुम्ही माझ्याशी एकही गोड शब्द बोलला नाहीत. मी सांगितलं ते तसंच्या तसं उतरवून घेतलंत, त्यात आपलं काही घातलं नाहीत, माझंही उगाच वाढू दिलं नाहीत, आणि खाली स्वतःची सही केलीत. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेल्या बाईने ती सही न करायला शंभर कारणं होती. आमच्या पेडण्याच्या घरी बाबा 'कॉलेज सोड' म्हणून हटून बसले होते. मी त्यांना कागदाचा झेरॉक्स दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "ही खाली सही कोणाची?" मग कॉलेज सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आईने मे महिन्यात तुमच्यासाठी म्हणून कोकमाची सोलां सुकवून ठेवलीत, बरणी भरून. ती माझ्या ट्रंकेत पडून आहेत, कारण तुम्ही घेणार नाही अशी मला भीती. घ्या सिस्टर. आईचं मन मोडू नका.

आणि तुमची टॉर्च अजून माझ्याकडेच आहे. सेल नवे घातलेत. सोमवारपासून तुमची इव्हिनिंग आहे असं ड्युटी चार्टवर बघितलं, तेव्हा घेऊन येते. हँडओव्हर संपल्यावरच येईन, मध्ये नाही.

तुमची,
तिसऱ्या वर्षाची ती