मोटार कंपनी डळमळू लागली की शासनाने आधी कुठे पाहावे? उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मंदीत अडचणीत येणाऱ्या मोटार कंपन्या आणि त्यांचे लघु पुरवठादार यांच्याबाबतचे शासनाचे धोरण

महोदय,

सविनय नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत मी मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना चालवतो. २००८ची मंदी, २०१९ची मंदी आणि तिच्या पाठोपाठ आलेली टाळेबंदी या तिन्ही वेळी भोसरी, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव या पट्ट्याने काय सोसले, ते आपल्या खात्याला ठाऊक आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारींवरचा जीएसटी कमी झाल्यापासून बाजाराला उठाव आला आहे आणि नेमके म्हणूनच हे पत्र आज लिहीत आहे, कारण मंदी दारात आल्यावर निर्णय घाईघाईने होतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचेच म्हणणे ऐकले जाते.

मोटार कंपनी तोट्यात गेली की ती सावरेल का, या प्रश्नाचे उत्तर सगळे जण तिच्या ताळेबंदात आणि महिन्याच्या विक्रीच्या आकड्यांत शोधू लागतात. माझ्या अनुभवाप्रमाणे ते उत्तर दुसरीकडे असते. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या कंपनीचे कोणते नवे मॉडेल येणार आहे आणि ते येईपर्यंत तिला माल देणारे कारखाने तग धरतील का, या दोनच गोष्टींवर तिचे भवितव्य ठरते. मंदी संपली म्हणून कंपनी आपोआप उठत नाही.

टाटा मोटर्सचेच पाहा. २०१८-१९ या आर्थिक वर्षात कंपनीचा एकत्रित तोटा २८ हजार कोटी रुपयांच्या वर गेला होता. त्यातला मोठा भाग तिच्या ब्रिटनमधील उपकंपनीच्या, जग्वार लँड रोव्हरच्या, मालमत्तेचे पुस्तकी मूल्य कमी केल्यामुळे झालेला होता. त्यातच ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आधीच्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घसरली, पिंपरीत ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवणे, सुरू झाले आणि आमच्याकडची शेड्यूल, म्हणजे कंपनीकडून दर महिन्याला येणारी मालाची मागणी, निम्म्यावर आली. तरीही नव्या गाड्यांचे काम थांबवले गेले नव्हते. जानेवारी २०२० मध्ये अल्ट्रोझ आली, त्याच महिन्यात विजेवर चालणारी नेक्सॉन आली, आणि २०१९-२०मध्ये सव्वा लाखाच्या आसपास असलेली प्रवासी वाहनांची विक्री २०२२-२३मध्ये पाच लाखांच्या पुढे गेली. ज्या शेडमध्ये नव्या मॉडेलचे ट्रायल पार्ट निघत असतात, तिथल्या फोरमनला ही कंपनी उठणार हे शेअर बाजाराच्या बरेच आधी कळलेले असते.

याच्या उलट गोष्ट तळेगावची आहे आणि तिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला, म्हणजे अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली त्याच महिन्यात. पुढे मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री बंद करण्याचे जाहीर केले आणि हा कारखाना केवळ निर्यातीसाठी चालू ठेवला. भारतीय बाजारासाठी नवे मॉडेल नाही आणि भवितव्य सर्वस्वी परदेशातल्या मागणीवर, अशा स्थितीत तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला व डिसेंबर २०२० मध्ये थांबला. बंद पडण्याची चिन्हे इतकी आधी, इतकी उघड दिसत असूनही शासन जागे झाले ते कारखाना बंद करण्याच्या परवानगीचा अर्ज समोर आल्यावर. एका चिनी कंपनीशी जानेवारी २०२० मध्ये झालेला विक्रीचा करार सीमेवरील तणावानंतर परवानगीअभावी अडकला आणि २०२२ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार होऊन २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु मधल्या काळात हजाराहून अधिक कायम कामगारांची उमेदीची वर्षे न्यायालयात आणि उपोषणाच्या मंडपात गेली, आणि तिथे माल देणाऱ्या छोट्या कारखान्यांचे काय झाले याची नोंद तर कोणत्याच फायलीत नसेल. इमारत वाचली, जमीन वाचली, पत्रा दाबून भाग घडवणारे प्रेस शॉप वाचले. त्याभोवतीचे जाळे वाचवण्याचा विचारच झाला नाही.

हेच जाळे वाचवण्याचा विचार अमेरिकेत २००९ मध्ये झाला होता. जनरल मोटर्सला तिथल्या सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर दिले, हे सर्वांना माहीत आहे. त्यातली बरीचशी रक्कम देण्याआधी कंपनीने सादर केलेली पुनरुज्जीवनाची योजना सरकारने मार्च २००९ मध्ये अपुरी ठरवून परत पाठवली होती आणि कंपनीच्या प्रमुखांना पायउतार व्हायला लावले होते, याची चर्चा आपल्याकडे कमी होते. त्याच महिन्यात केवळ सुटे भाग पुरवणाऱ्यांची येणी सुरक्षित राहावीत म्हणून ५ अब्ज डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद करण्यात आली. स्वतः मदत न घेणाऱ्या फोर्डचे प्रमुख अॅलन मुलाली यांनीही संसदीय समितीपुढे प्रतिस्पर्ध्यांच्या मदतीच्या बाजूने साक्ष दिली, कारण जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांचे पुरवठादार बहुतांशी एकच होते आणि एक कंपनी कोसळली तर तेच आधी बुडाले असते. आमच्या पट्ट्यातही नेमकी हीच स्थिती आहे. एकाच गल्लीतला कारखाना सकाळी एका कंपनीचा ब्रॅकेट आणि दुपारी दुसऱ्या कंपनीचा क्लॅम्प काढत असतो.

महोदय, मंदी अशा कारखान्यात कशी शिरते ते सांगतो. आधी शेड्यूल कमी होते, पण कॉइलचे, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळ्यांचे, पैसे आगाऊ दिलेले असतात. मग पेमेंट ४५ दिवसांवरून ९० वर आणि पुढे १२० वर जाते, बँकेची सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची मर्यादा, भरते आणि प्रेस यंत्राचा हप्ता थकतो. डाय, म्हणजे भाग घडवण्याचे साचे, मोटार कंपनीच्या मालकीच्या असल्याने त्या विकता येत नाहीत आणि मॉडेल बंद झाले तरी उचलल्याही जात नाहीत. ग्रीस फासून, प्लास्टिकने झाकून त्या शेडची एक बाजू अडवून बसतात आणि त्या जागेचे भाडे आम्ही भरत राहतो. अखेर एके दिवशी अठरा कामगारांचा कारखाना बंद होतो. त्याला शासनाची परवानगी लागत नाही आणि त्याची बातमीही होत नाही. वर्षभराने मागणी परतते तेव्हा त्या कंपनीला माल देणारा उरलेला नसतो, नवा पुरवठादार उभा करून त्याचे पार्ट मंजूर होईपर्यंत महिने जातात, आणि सावरू पाहणाऱ्या कंपनीचा पाय तिथेच अडखळतो. एका मोठ्या कंपनीकडून येणे थकल्यामुळे मी स्वतः घर तारण ठेवून कामगारांचे पगार केले आहेत. शेजारच्या गाळ्यातील माझ्या मित्राकडे तारण ठेवायला घर नव्हते.

कायदा नाही असे मुळीच नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, हे २००६च्या कायद्यात स्पष्ट आहे. त्यासाठी राज्य शासनानेच नेमलेली सुविधा परिषद आहे आणि तिने ९० दिवसांत निकाल द्यावा असेही कायदा सांगतो. प्रत्यक्षात चालू ग्राहकाविरुद्ध कोणी तक्रार करत नाही, कारण तक्रार केली की पुढच्या महिन्याचे शेड्यूल दुसऱ्याला जाते. म्हणून एकट्या कारखानदाराला पुढे यावे न लागता उद्योजकांच्या संघटनेला नावे उघड न करता उशिराच्या देयकांची माहिती उद्योग संचालनालयाकडे देता यावी आणि संचालनालयाने कंपनीला स्वतःहून खुलासा विचारावा, अशी व्यवस्था आपण करावी. यासाठी केंद्राकडे जावे लागेल असे मला वाटत नाही.

दुसरी विनंती प्रोत्साहनपर अनुदानाबाबत आहे. सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली राज्य शासन मोठ्या प्रकल्पांना कराचा परतावा देते, तो जनतेचाच पैसा आहे. हा परतावा देताना लघु पुरवठादारांची देयके मुदतीत दिल्याचे लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र मागावे. तसेच कंपनीने पुढील तीन वर्षांच्या मॉडेलची योजना दरवर्षी गोपनीय स्वरूपात आपल्या खात्याला सादर करावी, म्हणजे तळेगावसारखा नव्या मॉडेलविना चालणारा कारखाना तीन वर्षे आधी आपल्या नजरेत येईल. कंपन्या याला विरोध करतील आणि गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाईल असा इशाराही देतील. त्यावर माझे म्हणणे एवढेच की पुण्याला मोटार कंपन्या जमिनीसाठी येत नाहीत. डाय, जिग, कास्टिंग आणि फोर्जिंग वीस किलोमीटरच्या आत मिळते म्हणून येतात.

तिसरी आणि तातडीची विनंती अशी की एखाद्या मोठ्या ग्राहकाचे उत्पादन सलग दोन तिमाही ठरावीक मर्यादेखाली गेले, तर त्याच्या लघु पुरवठादारांच्या खेळत्या भांडवलाला राज्याच्या हमीवर सहा महिन्यांचे कर्ज मिळावे, अशी योजना येत्या अर्थसंकल्पाआधी तयार व्हावी. तिचा मसुदा करताना पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज आणि सातपूर येथील लघुउद्योजकांच्या संघटनांना मंत्रालयात बोलावून घ्यावे. थकलेली देयके, रिकामी शेड्यूल आणि पडून असलेल्या डाय यांची तपशीलवार यादी घेऊन आम्ही येऊ.

आपला नम्र,
भोसरी येथील एक लघुउद्योजक