ताई, त्या अर्ध्या ग्रॅमबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दिलेली अगरूच्या, म्हणजे उदाच्या, सुगंधी तेलाची कुपी गेल्या आठवड्यात संपली. अर्धा ग्रॅम तेल मी दीड वर्ष पुरवलं. आभार तुम्हाला एकटीलाही कळवता आले असते, पण उदाचं वेड लागलेल्या आणि सुरुवातीलाच फसलेल्या आणखी कुणाच्या तरी हे पत्र वाचनात यावं, म्हणून उघड लिहितोय.

आपली पहिली भेट आठवते का? 'अस्सल जंगली ऊद' म्हणून विकत घेतलेलं तेल मी मोठ्या हौसेने तुमच्यापुढे ठेवलं होतं. तुम्ही एकदाच हुंगलंत आणि म्हणालात, "हे आत्ता जसं आहे, तसंच रात्रीपर्यंत राहील. लावून बघ." तसंच झालं. गुळगुळीत, कोरडा, थोडा चामड्याचा वास. सकाळी जो, तोच रात्री. कारखान्यात जुळवलेला तो एक सूर होता. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत की मला हसला नाहीत. जाताना ही कुपी माझ्या हातात दिलीत आणि तीन गोष्टी बजावल्यात: सुईच्या टोकाएवढंच घ्यायचं, मनगटावर चोळायचं नाही आणि पहिल्या अर्ध्या तासात मत बनवायचं नाही.

मी मत पाच मिनिटांतच बनवलं. ओलं गवत, गोठा, आंबूस कातडं. तेल नासलंय की काय, असं मी तुम्हाला लगेच विचारलं होतं. तुम्ही शांतपणे समजावलंत की ऊर्ध्वपातनाने तेल काढण्याआधी लाकडाच्या ढलप्या कित्येक दिवस, कधी कधी आठवडे पाण्यात भिजत ठेवतात, त्या आंबतात आणि हा उग्रपणा बराचसा तिथूनच येतो. आसामकडच्या जुन्या पद्धतीच्या तेलाची ती ओळखच आहे. "गोठा ओलांडून पुढे जा," एवढंच लिहिलं होतंत.

पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी मला सांगितल्यावाचून राहवत नाही. तासाभराने गोठा मागे पडला आणि त्याखालून गोडवा वर आला. साखरेचा नव्हे, सुकवलेल्या फळाचा, तळाशी तुरट असलेला. मग मसाल्याची ऊब. दुपारी जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडावं तसा कोरडा, गार वास, त्यात कापरासारखी काहीतरी क्षणभर चमकून जाणारी रेघ. मनगट नाकाशी धरलं की वास जवळजवळ हरवायचा, हात खाली सोडला की कुठूनसा दरवळ यायचा. संध्याकाळी राहिला तो राळेचा मऊ, मुरलेला वास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाच्या बाहीतून तोच, आणखी कोवळा होऊन. थंडीत तेल कुपीतच घट्ट होऊन बसायचं. मुठीत धरून ते हलायची वाट बघण्यातही मला सुख वाटायला लागलं. दिवसभर उलगडत जाणारा असा वास मी त्याआधी कधी अनुभवला नव्हता. यात शंभराहून अधिक रासायनिक घटक असतात आणि ते वेगवेगळ्या वेगाने उडतात, हे तुम्ही नंतर सांगितलंत. कारण कळलं म्हणून नवल काही कमी झालं नाही.

त्याहून मोठं नवल झाडाचं. निरोगी अगरूचं लाकूड फिकट, हलकं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. अळी खोड पोखरते, फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी तिथे काळी राळ साठवतं. सुवास त्या राळेचा. जंगलात ही राळ कधी कधी कित्येक दशकं मुरत राहते आणि लाकूड इतकं जड होतं की पाण्यात बुडतं. चिनी भाषेतलं त्याचं नावच 'बुडणारा सुगंध' अशा अर्थाचं आहे. आणि आपल्या तोंडी रोज असणाऱ्या दोन शब्दांत हेच लाकूड दडलंय: अगरबत्तीत संस्कृत अगुरू, उदबत्तीत अरबी ऊद. तुम्ही दाखवून देईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पण ताई, सगळ्यात मोठे आभार आहेत ते तुमच्या नकाराचे.

कुपी अर्धी झाल्यावर मी विचारलं होतं, असंच जंगली तेल आणखी कुठे मिळेल? पैसे साठवले होते, तोळाभर घ्यायचं मनात होतं. तुम्ही म्हणालात, "घेऊ नकोस." मला तेव्हा राग आला होता, आज कबूल करतो. गोडी तुम्हीच लावलीत आणि आता हातही तुम्हीच धरताय, असं वाटलं. मग तुम्ही रघुवंशातला चौथा सर्ग काढून दाखवलात. रघू लौहित्य, म्हणजे ब्रह्मपुत्रा, ओलांडतो आणि त्याचे हत्ती काळ्या अगरूच्या झाडांना बांधले जातात. हत्ती बांधावेत एवढी ती झाडं! आसामातली तीच जात, अॅक्विलेरिया मलाक्केन्सिस, 2018 च्या मूल्यांकनात धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' ठरली. राळ आहे की नाही हे बाहेरून खात्रीने कळत नाही, म्हणून रिकामी झाडंही तोडली गेली. 1995 पासून या जातीच्या आणि 2005 पासून अॅक्विलेरियाच्या सगळ्याच जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या करारान्वये परवान्याचं बंधन आहे. तरी कागद नसलेलं तेल हातोहात फिरतच असतं. मी तोळाभर घेतलं असतं ते बहुधा त्यातलंच.

तुमच्याकडचं तेल त्या बंधनांच्या आधीचं, जपून ठेवलेलं. त्यातला अर्धा ग्रॅम तुम्ही ओळखपाळख नसलेल्या एका उतावळ्या माणसाला दिलात.

लागवडीच्या झाडांचं, खोडाला भोकं पाडून मुद्दाम बुरशी घालून तयार केलेल्या राळेचं तेल वाईट नसतं, त्यालाही वेळ दे, असं तुम्ही म्हणाला होतात. ते मागवलंय. लेबलावर झाडाची जात आणि मळ्याचं ठिकाण दोन्ही आहे. अजून बूच काढलेलं नाही. तुम्ही आलात की एकत्र उघडू. तुमची रिकामी कुपी धुतलेली नाही. झाकण काढलं की अजून वास येतो.

तुमचा ऋणी,
दीड वर्षापूर्वीचा तो उतावळा माणूस