भावासाठी बांधलेलं चॅपेल

चेल्टनहॅम, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागे फोनवर तुम्ही म्हणालात, "अण्णाच्या नावानं शाळेत वाचनाची खोली बांधावी असं फार मनात येतं, पण आता या वयात कुठे हा व्याप!" आणि लगेच उसाच्या बिलाचं बोलायला लागलात. गेलेल्या थोरल्या भावासाठी तुम्हाला काही करावंसं वाटतं, आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर या गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तूही पूर्ण ऐक. बाबा मोठ्यानं वाचतील.

आमच्या गावापासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत डीअरहर्स्ट नावाचं एक खेडं आहे. सेव्हर्न नदीकाठी चार घरं, सफरचंदाची झाडं आणि गुरांची कुरणं. शनिवारी ऊन पडलं होतं, म्हणून तुमचे जावई, तुमचा नातू आणि मी तिकडे गेलो. रस्त्याच्या कडेला एक जुनं शेतघर आहे, काळ्या लाकडी चौकटी आणि मध्ये पांढरा गिलावा. त्या घराच्या भिंतीला भिंत लावून एक उंच, अरुंद दगडी खोली उभी आहे. तिकीट नाही, दाराशी कुणी माणूस नाही. दार लोटायचं आणि आत जायचं. या खोलीला ओड्डाचं चॅपेल, म्हणजे लहान प्रार्थनाघर, म्हणतात. 1056 साली बांधलेली आहे. म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकायला आला, त्याच्याही दहा वर्षं आधी.

ओड्डा हा तेव्हाच्या इंग्लंडच्या एडवर्ड राजाच्या नात्यातला मोठा सरदार, इकडे अर्ल म्हणतात तो. त्याचा भाऊ एल्फ्रिक 1053 च्या डिसेंबरात याच डीअरहर्स्टमध्ये वारला. गावात तेव्हाही मठाचं मोठं चर्च होतं, तिथे ओड्डा कितीही मेणबत्त्या लावू शकला असता. पण त्यानं भावाच्या आत्म्यासाठी ही वेगळी वास्तू बांधली आणि 12 एप्रिल 1056 ला बिशप, म्हणजे मोठा धर्मगुरू, एल्ड्रेडच्या हातून ती पवित्र करून घेतली. याच एल्ड्रेडनं पुढे 1066 च्या नाताळात विल्यमच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

बाबा, त्याच वर्षी 31 ऑगस्टला ओड्डाही गेला. शेवटी त्यानं संन्याशाची दीक्षा घेतली होती. दोघे भाऊ पर्शोर गावच्या मठात पुरलेले आहेत. वास्तू पुरी झाल्यावर त्याच्या हातात पाच महिनेसुद्धा नव्हते. तिथे उभी असताना मी बोटांवर महिने मोजले आणि मला तुमचं ते "या वयात" आठवलं. रागावू नका. तुमच्या तब्येतीची काळजी मला रोज असते, पण ज्या कामानं तुमचा जीव हलका होईल ते काम टाळण्यानं तब्येत जपली जाते असं मला वाटत नाही.

आता बांधकामाचं सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचाराल. मुख्य खोली साधारण पंचवीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद, भिंती सतराएक फूट उंच. तिच्यापुढे वेदीची लहान खोली आणि दोन्हींच्या मध्ये घडीव दगडांची अर्धगोल कमान. बाकी भिंती ओबडधोबड दगडांच्या, पण कोपऱ्यांना मोठे तासलेले दगड, एक उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा. आडवा दगड भिंतीत आत शिरतो आणि कोपरा बांधून धरतो. सॅक्सन काळच्या, म्हणजे विल्यम यायच्या आधीच्या, गवंड्यांची ही ओळखीची रीत आहे. खिडक्या वरच्या अंगाला, लहान. भिंतीच्या मध्यात अगदी अरुंद आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंना पसरत गेलेल्या. त्यामुळे एवढ्याशा फटीतून आलेला उजेड आत चांगला फाकतो. मी कमानीच्या दगडांवर हात फिरवला. सांधे अजून नेटके आहेत.

आत काहीही नाही. बाक नाहीत, मूर्ती नाही, क्रूस नाही, दिवा नाही. मला सुरुवातीला ते ओकंबोकं वाटलं, पण थोड्या वेळानं तेच आवडायला लागलं. लक्ष विचलित करायला काही नसलं की भिंतीकडे नीट बघितलं जातं.

आई, तुझ्यासाठी गोष्ट पुढेच आहे. मधल्या शतकांत ही प्रार्थनेची जागा आहे हेच लोक विसरून गेले. शेजारी घर उभं राहिलं, चॅपेल त्या घरात जिरून गेलं. मुख्य खोलीत स्वयंपाकघर झालं, वेदीच्या बाजूला निजायची खोली. आतून मजला घातला, बाहेरून गिलावा फासला. किती पिढ्यांच्या बायकांनी तिथे चूल पेटवली असेल, भाकरी भाजली असेल, पोरांना झोपवलं असेल, आणि कुणालाच ठाऊक नव्हतं की डोक्यावरच्या भिंती एका माणसानं भावासाठी बांधल्यात. काही लोक याला विटंबना म्हणतील. मी नाही म्हणणार. छप्पर गळलं की त्या घरातल्यांनी ते शाकारलं, म्हणून भिंती उभ्या राहिल्या. रिकामं सोडलं असतं तर दगड कधीच दुसऱ्याच्या गोठ्याला लागले असते. अन्न शिजवणाऱ्या बायकांनी ती जागा राखली, असं मी समजते.

मग ओळख पटली कशी? 1675 साली चर्चजवळच्या फळबागेत एक कोरीव दगड सापडला. त्यावर लॅटिनमध्ये सगळं लिहिलेलं: ओड्डानं हे बांधवलं, त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) सन्मानार्थ, इथे वारलेल्या भावाच्या आत्म्यासाठी, अमुक बिशप, अमुक दिवस, एडवर्डच्या राज्याचं चौदावं वर्ष. पण लोकांना वाटलं तो मठाच्या मोठ्या चर्चबद्दलच असणार. जवळजवळ दोनशे वर्षं तसंच समजत राहिले, आणि खरी वास्तू तिथून हाकेच्या अंतरावर धुरानं काळी होत होती. 1865 मध्ये शेतघराच्या पोटात जुनं चॅपेल दडलंय हे उमगलं. पुढे त्या घराच्या बांधकामातच वेदीचा एक कोरीव दगड मिळाला, त्यावरही त्रैक्याचं नाव. तेव्हा शंका फिटली. बागेतला मूळ दगड आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, चॅपेलमध्ये त्याची प्रतिकृती लावली आहे. सॅक्सन काळच्या फार थोड्या वास्तूंची तारीख अशी दिवसासकट माहीत आहे. बाकीच्यांबद्दल अभ्यासक शतकाचा अंदाज बांधतात.

मोठं चर्चही पाहिलं, ते त्याहून जुनं. 804 सालच्या कागदात त्या मठाचा उल्लेख येतो. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र गोल गोल नक्षीनं भरलेलं आहे, दारांवर जनावरांची तोंडं कोरली आहेत. पण तुझा नातू रमला तो जमिनीतल्या एका पितळी पत्र्यापाशी. 1400 साली वारलेले एक न्यायाधीश, सर जॉन कॅसी, आणि त्यांची बायको अ‍ॅलिस त्यावर कोरलेत. बाईच्या पायाशी तिचं कुत्रं आहे आणि त्याचं नावही कोरलंय, टेरी. पठ्ठ्या तिथून हलेना. आपल्या मोत्याचा फोटो आजीकडून मागव म्हणून मागे लागलाय. तेवढा पाठव.

नदीचं सांगायचं राहिलं. सेव्हर्नला पूर येतो आणि या गावाला तो चांगलाच ओळखीचा आहे. 2007 च्या जुलैत शेजारच्या ट्यूक्सबरीला पाण्यानं चहूबाजूंनी वेढलं होतं. डीअरहर्स्टभोवती मातीचा बांध घातलेला आहे. तो बघताना मला आपली कृष्णा आठवली, औदुंबरचा दत्त पाण्यात गेलेला आठवला आणि 2019 ला शाळेच्या भिंतीवर उमटलेली ती गढूळ रेघ आठवली. बाबा, खोलीचं जोतं त्या रेघेच्या वर घ्या. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला मी हे सांगायला नको, पण कंत्राटदार खर्च वाचवायला जोतं खाली आणतात हे तुम्हीच मला शिकवलंत.

तर माझं म्हणणं असं. खोली बांधाच. अण्णाकाकांनी गावातल्या अर्ध्या पोरांना वाचायला शिकवलं, मलाही. पारावर बसून ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही जगाची खबर असायची. त्यांच्यासाठी वाचनाचीच खोली हवी, हे तुम्हाला सुचलं ते अगदी योग्य आहे. मी दादाशी बोलले. अर्धा खर्च आम्ही दोघं उचलतो, उरलेल्याचं काकूंना आणि मुख्याध्यापकांना विचारून ठरवा. धावपळीसाठी दादा दर शनिवारी येईल. तुम्ही खुर्ची टाकून फक्त बघायचं आणि चुकलं तिथे ओरडायचं. ते तुम्हाला जमतं. खोली कुलूप लावून ठेवू नका, एवढीच माझी अट. पोरं येऊ देत, बायकांचा बचत गट बसू दे, पावसाळ्यात कुणाचं धान्य ठेवायची वेळ आली तर ठेवू दे.

आणि दाराशी दगड लावा. संगमरवर नको, त्यावरची रंगवलेली अक्षरं दहा वर्षांत पुसली जातात. काळ्या दगडात खोल कोरून घ्या. काकांचं पूर्ण नाव, जन्म आणि मृत्यूची तारीख, आणि धाकट्या भावानं बांधलं असं स्पष्ट. तुम्ही संकोचाल, पण ते हवंच. ओड्डाच्या दगडावर अर्ल आहे, भाऊ आहे, बिशप आहे, राजा आहे, फक्त ज्यांनी ते कोपरे इतके नेमके रचले त्यांची नावं नाहीत. आपल्या दगडावर गवंड्याचंही नाव घाला. काकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर वेगळी आणि पत्रिकेत वेगळी आहे, असं काकू एकदा म्हणाल्या होत्या. खरी कोणती ते त्यांच्याकडून विचारून घ्या आणि खोलीचं मोजमाप काढलंत की दोन्ही मला कळवा.

आई, गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस.

तुमची लेक