शब्दकोडं मलाही सोडवायचंय

माननीय संपादक,

मी दृष्टिहीन आहे आणि आपलं वृत्तपत्र रोज फोनवर ऐकतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा वेग इतका वाढवून ठेवलाय की घरच्यांना ती नुसती कटकट वाटते. माझा अग्रलेख मात्र दोन-तीन मिनिटांत संपतो. बातम्या, पुरवणी, सगळं नीट ऐकू येतं. शब्दकोड्यावर बोट गेलं की फोन म्हणतो, "चित्र. आयएमजी शून्य शून्य चार दोन." व्यंगचित्राचंही तेच. गंमत म्हणजे कालच्या कोड्याची उत्तरं मजकुरात असतात, त्यामुळे ती मला रोज न चुकता कळतात!

तक्रार क्षुल्लक वाटेल. अपंगांसाठीचं तंत्रज्ञान म्हटलं की अभ्यास, परीक्षा, नोकरी इथवर सगळे माना डोलावतात. करमणुकीचं नाव काढलं की 'आधी ते तर होऊ दे' सुरू होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारात शिक्षणासाठी कलम २४ आहे, तसं विरंगुळा आणि खेळासाठी कलम ३०ही आहे. तिथवर फारसं कुणी वाचत गेलेलं दिसत नाही.

मला तर ही वाटणीच पटत नाही. आलेख मला गणिताच्या तासाला कळला नाही, बुद्धिबळात कळला. आमच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात. प्रत्येक घराला भोक, मोहऱ्याच्या बुडाला खुंटी, म्हणजे चाचपताना डाव विस्कटत नाही. 'ई ४' म्हणजे डावीकडून पाचवं, खालून चौथं, हे बोटांना पाठ झालं आणि क्ष-अक्ष, य-अक्ष वेगळे शिकावे लागले नाहीत. माझ्या एका मित्राच्या हातांत जोर नाही. एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्राचा अपंगांसाठीचा खास कंट्रोलर २०१८ साली आला. त्याला पाठीमागे ओळीने जॅक आहेत. त्यांत मोठी बटणं जोडून तो पायाने आणि कोपराने मोटारींच्या शर्यती खेळतो. तो सराव आता त्याला संगणकावर टिपणं काढताना कामी येतो.

तर मागणी एवढीच. कोडं चित्राऐवजी तक्ता म्हणून द्या. मग स्क्रीन रीडर 'ओळ ३, रकाना ५, रिकामा' असं आपणहून सांगतो. सुडोकूची ८१ घरंही तशीच. काळ्या चौकोनात 'काळा' एवढं लिहिलं तरी पुरे. आडव्या-उभ्या शब्दांची सूत्रं मजकुरात हवीत. व्यंगचित्राखाली दोन ओळींचं वर्णन द्या, पण ते यंत्राकडून नको. यंत्र सांगतं, 'एक माणूस खुर्चीवर बसला आहे.' खुर्ची कुणाची, हे ते सांगत नाही आणि विनोद तिथेच असतो. चित्रकारालाच लिहू द्या.

चाचणीला कुणी हवं असेल तर मी तयार आहे. फक्त उत्तरं आधी पाठवू नका.

आपला,
एक नियमित वाचक